खिडकीबाहेरील बिऱ्हाड

वार्षिक अंकाच्या या विभागात प्रवासवर्णने, थोरामोठ्यांची चरित्रे व स्नेहसंमेलनाची वृत्ते वाचण्याची आमच्या वाचकांस सवय आहे. आज ज्या विषयाकडे त्यांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे, तो त्या मानाने अगदी लहान, म्हणजे बुलबुलाच्या घरट्याएवढा आहे. राहत्या घराच्या खिडकीबाहेर एखाद्या रानपाखराच्या जोडप्याने घरटे बांधले, तर घरातील माणसांनी काय करावे, हा तो विषय होय. प्रश्न दिसण्यात सोपा. परंतु या एका प्रश्नावरून आमच्या काही विद्यार्थ्यांच्या घरी रुसवेफुगवे झाले, रडारड झाली, व एके ठिकाणी तर बापलेकांत चार दिवसांचा अबोला झाला, हे आम्हांस ठाऊक आहे. तेव्हा त्यावर दोन शब्द लिहिणे अस्थानी होणार नाही.

आमचे मत प्रारंभीच सांगून टाकतो. घरटे राहू द्यावे, रोज पाहावे, आणि आपला हात आवरावा. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पुष्कळांस पटतात. तिसरी सहसा पटत नाही, आणि दयाळू माणसांस तर मुळीच पटत नाही.

असोद्यासारख्या गावी पूर्वी हा प्रश्न उद्भवतच नसे. जळगावाजवळच्या या गावातील जुनी घरे धाब्याची होती. मातीच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया, आणि त्यांवर मातीचे सपाट छप्पर. अशा घरात चिमणीस जागा मागावी लागत नसे. तुळईच्या खाचेत, दारावरच्या फटीत, कोनाड्यात, भिंतीवर तिरप्या टांगलेल्या तसबिरीमागे, जेथे मूठभर गवत मावेल तेथे ती आपला संसार थाटी. आणि घरची म्हातारी अंगणात सूप घेऊन पाखडावयास बसली म्हणजे तिच्या भोवतीच दाणे टिपी. खाली पडलेल्या काड्या झाडताना घरची गृहिणी कुरकुरे, पण घरटे काढून टाकीत नसे. ते काढू नये असे कोणी शिकविलेले नव्हते. ते घराचाच एक भाग होते, इतकेच.

आता गावात, आणि विशेषतः जळगावच्या बाजूस, सिमेंटची घरे व मजल्यांच्या इमारती झाल्या आहेत. त्यांच्या भिंतींस फट नाही, तसबिरी भिंतीस चिकटून बसतात, व खिडक्यांस डासांची जाळी असते. याचा दोष आम्ही कोणास देत नाही. धाब्याचे घर श्रावणात किती गळते, व छपरावर दरसाल माती चढविताना माणसाची कंबर कशी मोडते, हे ज्याने पाहिले आहे तो सिमेंटच्या घरास नावे ठेवणार नाही. मात्र पाखरांचे जे बिऱ्हाड पूर्वी घराच्या आत असे, ते आता खिडकीच्या बाहेर आले आहे. देशभरच्या पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालात असे दिसून आले की, गेल्या पंचवीसेक वर्षांत एकंदर देशात चिमणीची संख्या बरीचशी स्थिर आहे, परंतु मोठ्या शहरांतून ती घटली आहे. म्हणजे चिमणी संपत नाही. आपल्या दारातून उठून जाते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या संस्थेने पुढाकार घेतल्यापासून, म्हणजे २०१० सालापासून, २० मार्च हा दिवस चिमणीचा म्हणून पाळला जातो, व त्या दिवशी पुष्कळ शाळांतून लाकडी पेट्या वाटल्या जातात. उपक्रम चांगला आहे. पण पेटी टांगण्यास एक दिवस पुरतो, आणि तिच्या खालची घाण सोसण्यास सबंध एप्रिल-मे लागतो, हे पेटी नेणाऱ्या मुलांस त्याच वेळी सांगितलेले बरे.

चिमणीखेरीज आणखी पाखरे खिडकीशी येतात. होला चार काड्या आडव्यातिडव्या टाकून घरटे झाले असे समजतो; खालून पाहिले तर अंडी दिसावीत इतके ते विरळ असते. शिंजिराची मादी एखाद्या लोंबत्या तारेस किंवा वेलीच्या टोकास थैलीसारखे घरटे बांधते, व त्यावर कोळ्याचे जाळे, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा असा कचरा चिकटविते, की ते घरटे आहे असे कोणास वाटूही नये. कुंडीतील झाडाची रुंद पाने कापसाने व कोळिष्टकाने शिवून त्यांच्या द्रोणात शिंपी पक्षी राहतो; आमच्या कापसाच्या मुलखात त्याला धाग्याची वाण ती कसली! पारव्याविषयी आम्ही येथे लिहीत नाही. त्याचा प्रश्न निराळा आहे, व त्यावर इमारतींच्या सभांतून बोलणारे पुष्कळ आहेत.

मागील उन्हाळ्यात आमच्या बिऱ्हाडाच्या पूर्वेकडील खिडकीच्या गजांवर चढलेल्या मधुमालतीच्या वेलीत बुलबुलांच्या एका जोडीने घरटे केले. हा लालबुड्या बुलबुल सर्वांच्या पाहण्यातला आहे: डोके काळे, त्यावर लहानसा तुरा, अंग खवल्यांसारख्या तपकिरी पिसांचे, आणि शेपटीच्या बुडाशी तांबडा डाग. बारीक काड्या, मुळ्या व सुके गवत यांची एक वाटी झाली, तिला कोळ्याच्या जाळ्याचा लेप बसला, आणि रोज एक याप्रमाणे तीन अंडी आली. गुलाबट पांढरी, त्यांवर तांबूस शिंतोडे उडविल्यासारखी. आम्ही ती खिडकी बंद केली, आतून पडद्याला बोटभर फट ठेविली, व टेबल दुसऱ्या भिंतीस नेले. इमारतीतीलच आमच्या शाळेची एक विद्यार्थिनी रोज सकाळी वही घेऊन येऊ लागली. फटीशी एका वेळी एकच डोळा मावत असल्यामुळे आमच्या वाट्यास पाहणे थोडे व तिने लिहिलेले वाचणे अधिक, अशी वाटणी झाली.

अंडी सुमारे चौदा दिवसांनी फुटतात. निघालेले पिलू म्हणजे एक तांबडा, उघडा, डोळे मिटलेला गोळा. त्यात जिवंत असे काय ते तोंड. घरट्याच्या काठास धक्का लागला की तिन्ही तोंडे वर होत. प्रथम मऊ अळ्या व किडे, मग नाकतोडे, आणि पुढे पुढे फळाचा गर, असा आहार आईबाप दोघेही आणीत. मुलीला सर्वांत मौज वाटली ती निराळ्याच गोष्टीची. पिलाची विष्ठा एका पातळ पांढऱ्या पिशवीत बांधल्यासारखी बाहेर येते, व मोठी पाखरे ती तशीच चोचीत धरून दूर नेऊन टाकतात, पहिल्या दिवसांत तर गिळूनही टाकतात. घरटे स्वच्छ राहते, वास येत नाही, शत्रूस माग लागत नाही. पाखरे घाण करितात, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या पालकांस आम्ही तिच्या वहीतील हेच पान दाखवितो.

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ अंशांवर चढणे ही काही नवलाची गोष्ट नाही. तिसऱ्या प्रहरी वेलीची पाने मलूल होऊन ऊन सरळ घरट्यात उतरे, तेव्हा दोघांपैकी एक पाखरू काठावर उभे राही, पंख अर्धवट पसरी, आणि चोच उघडी टाकून धापा टाकीत पिलांवर सावली धरी. हे पाहून त्या मुलीने विचारले, ‘सर, वर छत्री बांधू या का?’ आम्ही नको म्हटले. नवीन, हलणारी, मोठी वस्तू घरट्यावर आली तर आईबाप तासभर जवळ येणार नाहीत, आणि त्या उन्हात तासभर म्हणजे सर्व संपले. त्याऐवजी गच्चीवरील पाण्याचे पसरट मातीचे भांडे आम्ही रोज दोनदा भरू लागलो, व वेलीच्या मुळाशी सांजसकाळ पाणी घातले. पाने पुन्हा ताठ झाली. मदत करावयाची ती अशी, लांबून व आडून.

आता ज्या प्रसंगावरून हा लेख लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटले तो सांगतो. पिले नऊ-दहा दिवसांची झाली होती. पंखांच्या नळ्या फुटून पिसे दिसू लागली होती. एके सकाळी कुंपणाच्या झुडपांतून भारद्वाज वर आला. विटकरी पंखांचा, काळ्या अंगाचा, गुंजेसारख्या लाल डोळ्यांचा हा पक्षी सकाळी दिसला म्हणजे दिवस चांगला जातो, अशी आपल्याकडील पुष्कळ लोकांची समजूत आहे. त्याचा दिवस खरोखरच चांगला गेला. गजावर उतरून त्याने एक पिलू उचलले व तो गेला. बुलबुलांनी जो कल्ला केला त्याने साळुंक्या व चिमण्यादेखील धावून आल्या. मुलगी पडद्याशी होती, आम्ही तिच्या मागे होतो. तिने वळून आमच्याकडे पाहिले. आम्ही ओठांवर बोट ठेवून तिला स्तब्ध राहण्यास सांगितले.

तिच्या वहीत त्या दिवशीची नोंद अशी आहे: ‘६.४० भारद्वाज. एक नेले. ६.५५ आई अळी घेऊन आली. दोघांना भरवले.’ नोंद लिहून झाल्यावर ती रडली.

सायंकाळी तिचे वडील आले. सज्जन गृहस्थ, असोद्याच्या शिवारात केळी व कापूस करणारे. त्यांचा स्वर रागाचा नव्हता, आश्चर्याचा होता. ‘सर, तुम्ही नुसते पाहत राहिले? एक टाळी वाजवली असती तर ते पिलू वाचले असते.’ आणि पुढे असेही म्हणाले की, शाळेत दया शिकवावी अशी आमची अपेक्षा, तुम्ही तर निष्ठुरपणा शिकविला.

हा आक्षेप क्षुल्लक नाही, म्हणून त्याचा विचार येथे थोडा सविस्तर करितो. प्रथम व्यवहाराची बाजू. त्या वयाची पिले दचकली म्हणजे घरट्यातून वेळेपूर्वीच उड्या टाकतात. पक्षी पाहणाऱ्या कोणासही हे ठाऊक असते. खिडकीआडून टाळी पडती तर भारद्वाजाच्या चोचीतील पिलू सुटले असते की नाही हे सांगता येत नाही, परंतु उरलेली दोन बहुधा खाली पडली असती, आणि खाली इमारतीची दोन मांजरे असतात. ती दोन पिले घरट्याच्या तळाशी अंग चोरून निश्चल राहिली म्हणून वाचली. टाळीने आपले मन हलके झाले असते, पण त्याची किंमत त्या दोघांनी भरली असती.

परंतु समजा, टाळीने खरोखरच पिलू वाचणार असते, तर? येथे आमचे मत पुष्कळांस आवडणार नाही. तरीही आम्ही ती वाजविली नसती. भारद्वाज चोर नव्हे. त्याचेही कोठे तरी झुडपात घरटे असते, त्यातही तोंडे वर करणारी पिले असतात, आणि ती दाण्यावर जगत नाहीत. ज्या अळ्या बुलबुल आपल्या पिलांस भरवितो त्या अळ्यांच्या बाजूने टाळी वाजवावयास कोणी येत नाही. खिडकी आमची होती एवढ्यावरून तेथे न्यायाधीश होऊन बसण्याचा अधिकार आम्हांस येत नाही. बुलबुल दोन-तीन अंडी घालतो, पुष्कळदा एका वर्षात पुन्हा घरटे करितो. त्याच्या जीवनक्रमात ही हानी धरलेली असते. मुलीस आम्ही हे सांगितले तेव्हा तिचे समाधान झाले असे नाही. व्हावे अशी आमची अपेक्षाही नव्हती. मात्र दुसऱ्या दिवशी ती साडेसहास वही घेऊन हजर होती.

याचा अर्थ मनुष्याने कोणत्याही प्रसंगी स्वस्थच बसावे असा कोणी घेऊ नये. आमची मर्यादा सरळ आहे: जे संकट पाखरांच्या आयुष्यातले आहे तेथे हात आवरावा; जे संकट आपण निर्माण केले आहे तेथे हात आवरणे हाच निष्ठुरपणा होय. मांजर हे रानातून आलेले नाही. ते आपण दूधभात घालून जोपासले आहे, म्हणून पिले उडण्याच्या आठवड्यात ते घरात कोंडणे आपले काम. आत शिरलेली चिमणी फिरत्या पंख्यास लागून मरते. पंखा बंद करणे आपले काम. नायलॉनचा मांजा तर आपल्या खेळाचा परिणाम. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली त्यावर देशभर बंदी घातली, तरी संक्रांतीनंतर बाभळी-निंबांवर त्याची गुंतवळ दिसतेच, आणि उन्हाळ्यात पाखरे तीच दोरी मऊ तंतू समजून घरट्यात नेतात. पुढे पिलाच्या पायास तिचा फास बसतो. आईबाप उडून गेल्यावर ते तेथेच लोंबत राहते. शाळेतील मुलांनी फेब्रुवारीत एक दिवस झाडांवरील मांजा काढण्यात घालविला, तर ती कोणत्याही निबंधापेक्षा मोठी भूतदया होईल. त्याचप्रमाणे पावसाळ्यापूर्वी विजेच्या तारांलगतच्या फांद्या छाटल्या जातात. ते काम आवश्यक आहे. परंतु ते नेमके घरट्यांच्या दिवसांत येते. कोयता चालविणाऱ्यास ‘भाऊ, आधी वर पाहून घ्या’ एवढे सांगण्यास काही खर्च पडत नाही.

जमिनीवर सापडलेल्या पिलाविषयी मुले आम्हांस वारंवार विचारितात. अंगावर पिसे आलेले, आखूड शेपटीचे, फडफडणारे पिलू जमिनीवर दिसले म्हणजे ते अनाथच आहे असे समजू नये. बुलबुलांची, साळुंक्यांची पिले नीट उडता येण्यापूर्वीच घरट्याबाहेर पडतात, व आईबाप त्यांस झुडपात, जमिनीवर येऊन भरवितात. आपण जवळ उभे असतो म्हणून ते येत नाहीत, इतकेच. अशा पिलास फार तर उचलून जवळच्या झुडपात ठेवावे आणि निघून जावे. मनुष्याचा हात लागला की आई पिलू टाकून देते, ही समजूत खरी नाही. बहुतेक पाखरे अशा वासावरून पिलू टाकीत नाहीत. मात्र घरटे बांधण्याच्या व अंडी घालण्याच्या पहिल्या दिवसांत वारंवार डोकावले, तर काही पाखरे जागा सोडतात, हे खरे. आणि कावळा हा मनुष्याकडे फार बारकाईने पाहणारा प्राणी असल्यामुळे, आपण जेथे चारदा वाकतो तेथे तो पाचव्या वेळी वाकतो, हेही खरे. घरी नेऊन दूध, पोळी, भात भरविलेली पिले बहुधा मरतात. पिलाच्या चोचीत पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाते.

रेव्हरंड ना. वा. टिळक यांची ‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी वाचली असेल. माणसाच्या हातून घायाळ होऊन घरट्यातील पिलांकडे परतणाऱ्या पक्षिणीचे मरण तीत आहे. ती कविता वाचून हळहळलेला मुलगा गलोल टाकून देतो, हा तिचा मोठा उपकार. आम्हांस त्यात एवढीच भर घालावयाची आहे की, गलोल टाकल्यावर मोकळा झालेला हात लगेच घरट्याकडे नेऊ नये. अलीकडे तर त्या हातात मोबाईल असतो. चांगले छायाचित्र यावे म्हणून घरट्यावरची पाने बाजूस सारणारे, फांदी वाकवून धरणारे, पिलांनी तोंडे उघडावी म्हणून घरट्यास टिचकी मारणारे हौशी लोक आम्ही पाहिले आहेत. ती पाने म्हणजे घराचे छप्पर होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या केली आहे, तीत रानपाखरांच्या अंड्यांस इजा करणे व अंडी-घरट्यांस उपद्रव देणे हेही धरले आहे, हे फार थोड्या लोकांस माहीत असते.

एके काळी शास्त्रज्ञांचाही हात आवरलेला नव्हता. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी हिंदुस्थानातील पाखरांच्या घरट्यांवर व अंड्यांवर १८७३ पासून जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागे देशभरातून गोळा केलेल्या अंड्यांचा प्रचंड संग्रह होता. त्या काळी जाणून घेण्याची रीतच ती होती, व त्या ज्ञानावर आपण आजही उभे आहोत. परंतु पाहूनही जाणता येते, हे दाखविणारेही आपल्या महाराष्ट्रात लवकर झाले. साताऱ्यास १८५१ साली एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरी जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन ऐटकेन हे मिठाच्या व जकातीच्या खात्यात नोकरी करीत, आणि बंगल्याच्या आसपास वावरणाऱ्या बेडूक, उंदीर, मुंग्या, कावळे यांजवर अत्यंत विनोदी व अचूक लिहीत. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ साली ज्या आठ जणांनी स्थापिली त्यांत ते एक होते, आणि १९०० साली मुंबईच्या नेहमीच्या पाखरांवर त्यांचे पुस्तक निघाले. शोधासाठी त्यांस हिमालयात जावे लागले नाही.

आणि असोद्यास तर या बाबतीत दूर पाहण्याची गरजच नाही. याच गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांनी सुगरणीच्या खोप्यावर रचलेले गाणे महाराष्ट्रातील लहान मुलांसही पाठ असते. त्यांस लिहिता वाचता येत नव्हते. त्यांची गाणी मुलाने व आप्तांनी उतरून घेतली, व १९५१ साली त्या वारल्यानंतर पुढील वर्षी पुस्तकरूपाने निघाली. आज जळगावच्या विद्यापीठास त्यांचे नाव आहे. शेतात काम करिताना विहिरीवरच्या झाडास लोंबणारा खोपा कोणास दिसत नव्हता? सर्वांस दिसत होता. त्यांनी तो पाहिला, एवढाच फरक.

सुगरण हे नाव स्त्रीलिंगी, पण घरटे विणतो तो नर. गवताची व पात्यांची लांब चिरफळी काढून तो गाठी मारितो, उलट्या टोपीसारखे अर्धे घरटे झाले की त्यास लोंबकळून पंख फडफडवितो, आणि माद्या येऊन ते तपासून जातात. पसंत पडले तर मादी आत ठाण मांडते, व मग नर खालची लांब नळी पुरी करितो. न पडले तर ते अर्धवटच वाऱ्यावर हलत राहते. १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीम येथे सालीम अली या तरुण अभ्यासकाने, ज्याला त्या वेळी नोकरीही नव्हती, एका सुगरण-वसाहतीसमोर बसून हे सर्व दिवसेंदिवस टिपले, आणि नर एक घरटे मादीच्या स्वाधीन झाले की दुसरे विणावयास घेतो, हा क्रम उलगडला. अंडी उबविणे व मुख्यतः पिले वाढविणे हे मादीवर पडते. तेव्हा ‘सुगरण’ हे नाव चुकले असे म्हणणाऱ्या चिकित्सक विद्यार्थ्यास आमचे उत्तर असे की, विणकाम नराचे असले तरी त्या घरचा संसार तिचाच आहे. बहिणाबाई शाळेत गेल्या नव्हत्या, सालीम अलींजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. दोघांनीही एका जागी उभे राहून पाहिले, आणि दोघांनी जे आणले ते टिकले. पावसाळा संपल्यावर हेच खोपे तोडून दिवाणखान्यात शोभेसाठी टांगण्याची जी रीत पडली आहे ती आम्हांस आवडत नाही. रिकामे आहे असे समजून तोडलेल्या खोप्यात कधी कधी उशिराची पिले निघतात. आणि रिकाम्या जुन्या खोप्यांतून मुनियांसारखी लहान पाखरे राहावयास येतात.

अभ्यासाचा वेळ वाया जातो, ही पालकांची आणखी एक तक्रार. तिचे उत्तर आम्ही वादाने देत नाही. त्या मुलीच्या वहीत सव्वीस दिवसांच्या नोंदी आहेत. पहिल्या आठवड्यात ती ‘पक्षी छान दिसत होता’ असे लिहीत असे. शेवटच्या आठवड्यात ‘मोठे पिलू काठावर ७.१०, लहान आतच, बाप फांदीवरून बोलावतो पण भरवत नाही’ असे लिहू लागली. शास्त्राच्या प्रयोगवहीत आम्ही मुलांकडून जे वर्षभर मागतो आणि क्वचितच मिळवितो, ते हेच.

दोन पिले एका दिवसाच्या अंतराने गेली. पहिले सकाळीच वेलीवरून निंबाच्या फांदीवर पोहोचले. दुसरे खाली पडले, कुंपणाच्या मेंदीत शिरले व दोन दिवस तेथेच राहिले. मुलीच्या वडिलांनी स्वतः त्या दोन दिवसांत इमारतीची मांजरे आपल्या शेतावरच्या खोलीत नेऊन ठेविली होती. पुढे ते पिलू कोठे गेले हे आम्हांस दिसले नाही.

शाळेच्या पश्चिमेकडील वर्गांच्या झरोक्यांत यंदा चिमण्यांच्या तीन जोड्या काड्या नेताना दिसत आहेत. सुटीत भिंतींस रंग द्यावयाचा आहे, तेव्हा मुख्याध्यापकांच्या संमतीने रंगाऱ्यास ती बाजू सर्वांत शेवटी, जूनच्या पहिल्या आठवड्यात घेण्यास सांगितले आहे. त्या वर्गांतील पंखे तोवर बंद राहतील. ज्या विद्यार्थ्यांस नोंदी ठेवावयाच्या असतील त्यांनी सकाळी सातपूर्वी, एका वेळी दोघांनी, मधल्या ओसरीतून पाहावे. बाके झरोक्याखाली ओढू नयेत.